सूरजच्या अंगातलं वारं

देवाच्या गादीला अमावास्येचा दिवस धरला होता, आणि ज्याला गादीवर बसवायचं तो सकाळचे नऊ वाजले तरी डोक्यावरून घोंगडं ओढून पडलेला. हरणाबाईनं तीनदा दारातून डोकावून बघितलं. घरातली थोरली जाऊ ती. मीठमिरचीपासून पाहुण्यांच्या पानापर्यंत सगळं तिच्या नजरेखालून जायचं. बाहेर चुलवणावर भाताचं पातेलं चढलं होतं, बिरोबाच्या देवळापुढं मांडव घातला होता, भंडाऱ्याची पोती उंबऱ्याला टेकवलेली, आणि अकरा गावचे ढोल टेंपोतून उतरत होते. सगळं जागच्या जागी होतं. एक पोरगा तेवढा जागेवर नव्हता.

"माया, उठीव की गं त्याला," ती धाकट्या जावेला म्हणाली.

माया नव्या धोतराची घडी मोडत बसली होती. "उठिवलं आक्का. म्हणतोय अंगात ताकद न्हाई."

"ताकद देवाची लागती, त्याची कशाला?"

बोलली खरी, पण तिचं तिलाच ते पटलं नाही. पाच दिवसांपूर्वी पोरगा सांगलीहून आला होता. आल्यापासून नुसता झोपत होता. मध्येच उठून सहा सहा भाकरी खायचा, मध्येच भिंतीकडं तोंड करून रडायचा. काल विचारलं तर म्हणाला, मोठी आई, मला काहीच चांगलं वाटत न्हाई, कशातच. एकवीस वर्षांच्या पोरानं असं बोलावं का? पण घरात कार्य होतं, आणि कार्य असलं की माणसाला बघायला वेळ होत नाही.

लेंढोरीत ज्या घरात देवाचं वारं येतं त्या घराचा शब्द चालतो. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण न लिहिलेलंच जास्त चालतं. सासरे होते तोवर वारं ह्याच घरात होतं. ते अंगात आलं की म्हातारा कोड्यात बोलायचा, आणि थोरला मुलगा म्हणजे हरणाबाईचा नवरा अर्जुना त्या कोड्याची उकल करून लोकांना सांगायचा. म्हातारा गेला आणि नऊ वर्षं वारं कुणाच्याच अंगात आलं नाही. जत्रेतले मानाचे नारळ खालच्या आळीला जायला लागले. अर्जुनाला लोक रामराम घालायचे, पण थांबून घालत नव्हते.

आणि गेल्या माघात मायाच्या सूरजच्या अंगात आलं. सांगलीला फार्मसी शिकणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा, मुखदुर्बळ पोरगा. ढोल वाजला आणि थरथरायला लागला. थंडीच्या दिवसांत अंगावरून घामाच्या धारा, दातावर दात घासतोय, डोळे हे एवढे मोठे. तीन तास नाचला, पाणी मागितलं नाही. तोंडाची टकळी थांबेना. विहीर वरच्या अंगाला खणा म्हणाला. खणली, आणि पाणी लागलं. पाणी लागल्यावर कोण काय विचारणार? दुष्काळी मुलखात पाण्यापुढं कुणाचं शहाणपण चालत नाही. तेव्हापासून पोरगा दर अमावास्येला गावी येत होता, आणि ज्या बायकांनी मायाला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं त्या तिच्या पाया पडत होत्या.

हरणाबाईनं चौथ्यांदा डोकावलं. घोंगड्यातून पायाची बोटं तेवढी दिसत होती.

*

राणी साताऱ्याहून वडूजमार्गे दहाच्या एस्टीनं आली. सूरजची थोरली बहीण. तिथं नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. पाहुण्यांना हात जोडत ती सरळ मधल्या खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं.

"सूऱ्या, तोंड बाहेर काढ."

"ताई, जा तू."

"साईराजचं कळलंय मला."

घोंगडं हललं. साईराज त्याचा सांगलीच्या खोलीतला जोडीदार, उंब्रजचा. महिन्यापूर्वी गेला. झोपेत हार्ट अटॅक आला म्हणून घरच्यांनी सांगितलं, आणि लोकांनी ते ऐकून घेतलं.

"त्याची चुलतबहीण माझ्या वर्गात हाय," राणी म्हणाली. "काय घेत होता तुमी?"

सूरज उठून बसला. गालफडं आत गेलेली, ओठाला चिरा, नाकाखाली कातडं सोललेलं. राणीनं असा एक पोरगा वॉर्डात बघितला होता. त्याला चौघांनी मिळून खाटेला बांधला होता.

"एमडी," तो म्हणाला. "नशेची पावडर असती."

"कवापासनं?"

"पहिल्या वर्षाच्या शेवटी. साईराजच्या बड्डेला. मजा यायची ताई, खोटं कशाला बोलू? मला कधी चारचौघांत बोलायला आलंय? ती घेतली की यायचं. पोरं हसायची, पोरी ऐकत बसायच्या. आधी शनिवारी घ्यायचो. मग बुधवारी बी. मग वार राहिलाच न्हाई."

"आणि गेल्या जत्रेला?"

"दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. तसाच एस्टीत बसलो. इथं ढोल वाजला आणि मला थांबताच येईना. अर्जुनातात्यांनी कपाळाला भंडारा लावला. म्हणलं, तासाभरात उतरंल. उतरलं बी. पण तवर माणसं पायावर पडलीवती."

"विहिरीचं पाणी?"

"वरच्या अंगाला उंबर हाय गं. उंबर हाय तितं पाणी असतंय, हे चौथीतल्या पोराला ठावं हाय."

राणीला हसू आलं असतं, दुसरा दिवस असता तर.

"तवाच का न्हाई सांगितलंस?"

"कुणाला? बाप म्हणून आण्णा पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात टाकून गावातनं हिंडलं. आई रडली आनंदानं. मग अमावास्या आली की फोन, लोक थांबल्यात, ये. नुसता येऊन काय करू मी? घेऊनच यायला लागलो." त्यानं गुडघ्यांत तोंड घातलं. "साईराज माझ्याशेजारी झोपला हुता ताई. हात लावला तर गार. त्या दिवसापासनं कमी केली, आणि गेल्या गुरुवारी सोडली. आज पाचवा दिवस. जीव नको झालाय."

"न्हाई, लय चांगलं केलंस," राणी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "पण ऐक. आता परत घेतलीस, वर ह्या उन्हात नाचलास, तर काळीज सोसायचं न्हाई. साईराजगत होईल. आज बसू नगंस गादीवर."

"तू सांग त्यांस्नी. मला न्हाई जमायचं."

*

माजघरात पाच माणसं उभी होती. बसायचं कुणाला सुचलं नाही. राणीनं सगळं सांगितलं, एका दमात, आणि थांबली.

कृष्णात तिचा बाप. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परत आलेला. "बकवास हाय," तो म्हणाला, पण जोर नव्हता. "आपल्या खानदानात कुणी सुपारी खाल्ली न्हाई."

"आण्णा, त्यो स्वतः सांगतोय. आत जाऊन इचारा."

"तुला त्याचं चांगलं बघवत न्हाई," माया एकदम म्हणाली. "लहानपणापासनं तसंच. त्याला मान मिळाला की तुझ्या पोटात दुखतंय."

राणीनं आईकडं बघितलं. साताऱ्याहून येताना ती धरून चालली होती की कुणी नाही तर आई तरी आपल्या बाजूनं उभी राहील.

"पोरगी खोटं कशाला बोलंल?" हरणाबाई म्हणाली. "पाच दिस मी बघतीया. देव अंगात येणाऱ्या माणसाची ही कळा असती व्हय? सासऱ्यांचं मी बघितलंय. वारं गेलं की हात धुवून जेवायला बसायचं."

"तू गप," अर्जुना म्हणाला. फेटा बांधून तयार होता, हातात बापाची चंदनी मुठीची काठी होती. "अकरा गाव आलंय. खालच्या आळीचं बी आल्यात, वरनं पाया पडाय आणि आतनं हसाय. आता काय सांगू त्यांस्नी? देवाला बरं न्हाई?"

"तसंच सांगा," राणी म्हणाली. "सूरजला बरं न्हाई म्हणून सांगा. खरंच न्हाई."

"माझा बा चिलीम ओढल्याबिगर देवापुढं बसत नव्हता. पन्नास वर्षं. त्याला कुणी दवाखान्यात न्हेला? देवाकडं जायला कुणाला कशाची वाट लागती ते देव बघंल."

"तात्या, ही चिलीम न्हाई. झाडापाल्याचं न्हाई हे. कुठल्यातरी शेडात कायबाय रसायनं कालवून करत्यात. करणाऱ्यालाबी ठावं नसतंय आत काय पडलं. एकाला चढतं, दुसरा मरतो."

"आज वरीसभर घेतोय, मेला का?"

"साईराज मेला."

"त्यो देवाचा नव्हता," अर्जुना म्हणाला.

कृष्णात जमिनीकडं बघत होता. फौजेतून आला तेव्हा गावात त्याची किंमत उरलेल्या रमच्या बाटलीएवढी होती. मेंढरं भावाची, शब्द भावाचा, हा नुसता अर्जुनाचा धाकटा. वर्षापासून मात्र पंगतीत त्याचं पान भावाशेजारी मांडलं जात होतं. देवाचा बाप म्हणत होते लोक. माणूस अशा गोष्टीला किती लवकर सरावतो, ते त्यालाच कळलं नव्हतं.

"असं करू," तो शेवटी म्हणाला. "आज नुसता बसू दे. ढोल हळू. कौल कुणी मागायचा न्हाई. काठी हातात द्यायची, घोंगडं खांद्यावर टाकायचं, खतम. उद्या फर्स्ट गाडीनं मी स्वतः त्याला साताऱ्याला न्हेतो. डॉक्टर, दवाखाना, जे म्हणशील ते."

"उद्या कशाला? आज न्ह्या."

"एक दिवसाचा तर प्रश्न हाय राणी."

"पलटणीतला जवान असा पडला असता तर तुमी एक दिवस थांबला असता, आण्णा?"

त्याला ते लागलं. दारात सूरज उभा होता. भिंतीला धरून. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"बसतो मी," तो म्हणाला. "नुसता बसतो. भांडू नगा."

मायानं पुढं होऊन त्याला पोटाशी धरला. "बघ," ती राणीला म्हणाली, "कसा गुणाचा हाय." हरणाबाई मान फिरवून चुलवणाकडं गेली. राणी एकटीच उरली.

*

नुसता बसतो म्हणणं सोपं होतं. बारा वाजले, एक वाजला. उन्हाचा नुसता तडाखा. सूरज पांढऱ्या धोतरात गादीवर बसला होता, खांद्यावर आज्याचं घोंगडं, हातात काठी. ढोल हळू वाजवायचे म्हणून सांगितलं होतं, पण अकरा गावचे ढोल एका मांडवात आल्यावर हळू वाजत नाहीत. प्रत्येक गावाला आपल्या ढोलावर देव उठावा असं वाटत होतं. आणि पोरगा घाम पुसत नुसता खाली बघत बसला होता.

अर्जुना कान देऊन उभा होता. आधी कुजबूज आली. मग खालच्या आळीचा एक म्हातारा मोठ्यानंच म्हणाला, "देव सांगलीतच राहिला वाटतं, परीक्षा हाय जणू." चारजण हसले. मग दहा हसले.

ते हसणं अर्जुनाच्या पाठीत गेलं. नऊ वर्षं त्यानं ते ऐकलं होतं. बाप मरताना म्हणाला होता, पोरा, काठी घरातनं जाऊ देऊ नगं. बाकी काही म्हणाला नव्हता, औषध मागितलं नव्हतं, पाणी मागितलं नव्हतं.

तो पुढं झाला आणि सूरजच्या दंडाला धरून म्हणाला, "चल, देवाचा अंगारा लावून घेऊ."

गाभाऱ्यात गारवा होता. समई तेवढी जळत होती. अर्जुनानं तेलाच्या बुधल्यामागं कोनाड्यात हात घातला आणि एक प्लास्टिकची पुडी बाहेर काढली. गेल्या अमावास्येला घोंगड्याच्या घडीत सापडली होती. तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. तेव्हापासून रोज समईत तेल घालताना ती त्याच्या हाताला लागत होती, आणि रोज तो तिला तशीच ठेवत होता.

सूरजनं ती बघितली. पाच दिवस तो हिच्याच विचारात होता, आणि ती इथं देवामागं होती.

"तात्या, नगा."

"एवढा एक डाव. पुढं कधी म्हणणार न्हाई, देवाची आण."

"मी सोडली हाय तात्या."

"सोड की. उद्यापासनं सोड. बाहेर ऐकतोयस न्हवं? तुझ्या बापाला हसत्यात. माझ्या बापाला हसत्यात."

सूरजनं हात मागं घेतला. नको म्हणत होता, पण डोळे पुडीवरून हलत नव्हते. अर्जुनाला ते दिसलं. त्यानं पुडी त्याच्या तळहातावर ठेवली, बोटं मिटवली, आणि पाठ फिरवून दाराकडं तोंड करून उभा राहिला. पोराला लाज वाटू नये म्हणून. बापही चिलीम ओढताना त्याला असंच तोंड फिरवायला लावायचा.

गाभाऱ्याच्या दाराशी तांब्या घेऊन हरणाबाई उभी होती. पोराला पाणी द्यायला आली होती. नवराबायकोची नजर एक झाली.

"काय दिलंसा त्याला?"

"अंगारा," अर्जुना म्हणाला आणि पोराला घेऊन बाहेर गेला. हरणाबाईनं वाकून खाली पडलेली रिकामी पुडी उचलली आणि पदराच्या गाठीला बांधली. तेव्हाच ओरडली असती तर? हे तिनं पुढं जन्मभर स्वतःला विचारलं. पण त्या घरात बाईनं देवळात आवाज चढवला नव्हता कधी, आणि सवय माणसाच्या जिभेवर बसलेली असते.

*

ह्या खेपेला वारं आलं ते बघणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी असं. सूरज गादीवरून उठला तो ताठ. ढोलवाल्यांना आता कोण आवरणार? भंडारा उधळला, सगळा मांडव पिवळा झाला. पोरगा नाचत होता, काठी आपटत होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. राणी बायकांच्या गर्दीत होती. तिनं त्याचे डोळे बघितले आणि तिला कळलं.

"आई, घेतली त्यानं. कुणी दिली त्याला? आई, थांबव."

मायानं तिचा हात झटकला. लेकाला बघताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सूरज मध्येच थांबला. दोन्ही हात वर केले. अर्जुनानं ढोल थांबवले. कौल ऐकायला मांडव चिडीचूप झाला.

"ऐका," सूरज म्हणाला. आवाज चिरका, एकाला एक शब्द चिकटलेले. "माझ्या अंगात देव न्हाई. कधीच नव्हता. पावडर हाय. नाकानं वढतो मी. माझा दोस्त हिच्यानं मेला, माझ्याशेजारी मेला, मला कळलं बी न्हाई. माझं काळीज फुटायला लागलंय. मला देव म्हणू नगा. मला कुणीतरी दवाखान्यात न्ह्या."

कुणीच हललं नाही. सहाशे माणसं होती. सगळ्यांनी अर्जुनाकडं बघितलं, कारण देव बोलला की अर्जुना उकल करतो, ही त्या गावाची रीत.

कृष्णातनंही त्याच्याकडंच बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो मनात म्हणाला, दादा, खरं सांग. पोरगं म्हणतंय तेच सांग, दुसरं काही नगं.

अर्जुना पुढं झाला.

"देव म्हणतोय," तो म्हणाला, "शहरात पोरं पावडरीच्या नादाला लागल्यात. घराघरांतली काळजं फुटणार हायती. देवानं ते सगळं आपल्या अंगावर घेतलंय. पोरं सांभाळा, असा कौल हाय."

"बिरोबाच्या नावानं चांगभलं."

मांडव हादरला. बायका हुंदके देऊन रडायला लागल्या. खालच्या आळीचा तोच म्हातारा हात जोडून पुढं आला. सूरज सगळ्यांकडं बघत राहिला, एकेकाच्या तोंडाकडं, आणि मग तिथंच कोसळला.

राणी माणसं ढकलत पोचली तेव्हा अंग तापलेल्या तव्यासारखं पोळत होतं. नाडी हाताला मोजता येत नव्हती. कृष्णातनं पोराला दोन्ही हातांवर उचलला, पलटणीत जखमी उचलावा तसा, आणि जीपमध्ये घातला. माया मागं चढली, हरणाबाई चढली, अर्जुनाही चढला. पण जीप निघेना. माणसं आडवी आली. देवानं सगळं अंगावर घेतलं होतं ना? मग दर्शन नको? कुणी टपावर नारळ फोडला, कुणी चाकाला कपाळ लावलं. एका बाईनं तान्हं पोर खिडकीतून आत धरलं आणि म्हणाली, "पाय लावा एकदा देवाचं, माझ्या बाळाला लावा."

"सरका," कृष्णात ओरडत होता. "माझा पोरगा मरतोय, सरका."

"देव मरतो व्हय रं गड्या?" कुणीतरी समजूत घातली.

मांडवापासून डांबरी रस्ता दोनशे पावलांवर. तिथं पोचायला अर्धा तास गेला.

*

वडूजच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, तरण्याच. त्यांनी सूरजच्या कपाळावरचा भंडारा बघितला, डोळ्यांवर बॅटरी मारली, आणि सिस्टरला बर्फ आणायला सांगितलं.

"काय घेतलंय यानं?"

"एमडी," राणी म्हणाली. "पाच दिवस बंद होती, मॅडम. आज परत घेतली."

"किती? कधी? तोंडातून का नाकातून?"

"ठावं न्हाई. माझ्यासमोर न्हाई घेतली. कुठनं आली तेच कळंना."

"उन्हानं चक्कर आली असंल," कृष्णात उगीच म्हणाला, आणि डॉक्टर बाईंनी त्याच्याकडं बघितल्यावर बाजूला सरकला.

"कुणाला तरी माहीत असेल," त्या म्हणाल्या. "मला सांगा. साताऱ्याला पाठवायचं तर आधी हा तग धरला पाहिजे. लपवून ठेवू नका."

अर्जुना भिंतीला टेकून उभा होता. कोसळलेल्या पोराच्या हातातून घेतलेली काठी त्यानं अजून सोडली नव्हती. सहाशे माणसांपुढं उकल करणारा माणूस, पण ह्या चार माणसांपुढं त्याचं तोंड उघडेना.

माया त्याच्याजवळ गेली. खाली वाकली आणि तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. "आवं दादा, तुमाला ठावं असलं तर सांगा. तुमीच न्हेलावता त्याला गाभाऱ्यात. मी तुमाला कायबी बोलणार न्हाई. कधीच बोलणार न्हाई. नुसतं सांगा."

"वारं आलंवतं," अर्जुना म्हणाला.

हरणाबाई तेव्हा पुढं आली. पदराची गाठ सोडायला तिला वेळ लागला. तिनं रिकामी पुडी डॉक्टर बाईंच्या हातावर ठेवली. आत थोडा भंडारा चिकटला होता.

"ही ह्यांनी दिली. दोनच्या सुमाराला. नाकानं वढली आसंल."

"ह्यातली किती?"

"सगळी. मी उचलली तवा रिकामीच हुती."

"आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?"

डॉक्टर बाई पुडी घेऊन आत पळाल्या. दार मिटलं. राणी काचेतून बघत होती. ती काय बघत होती ते तिला एकटीलाच समजत होतं, आणि तेच तिला नको झालं होतं. कृष्णात अर्जुनाकडं आला. वाटलं, मारतो आता. पण त्यानं नुसती भावाच्या हातातली काठी काढून घेतली आणि बाहेर जाऊन गटारात टाकली. परत येऊन बाकावर बसला. "मीच उद्या म्हणलो," तो म्हणाला. "राणी आज म्हणत हुती. मी उद्या म्हणलो."

वीस मिनिटांनी डॉक्टर बाई बाहेर आल्या. काही सांगायची गरज पडली नाही. राणी काचेपाशीच खाली बसली होती.

माया रडली नाही. ती आत गेली, पदर पाण्यात भिजवला आणि लेकाच्या कपाळावरचा भंडारा पुसायला लागली. हळद ती, एका पुसण्यात थोडीच जाते? ती घासत राहिली. दारात अर्जुना येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या खिशातला फोन वाजत होता. तो उचलेना, आणि बंदही करता येईना त्याला. मायानंच उठून त्याच्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

पलीकडं गावातलं कुणीतरी होतं. मागं ढोल वाजत होते. "अर्जुनातात्या, माणसं हलायला तयार न्हाईत. नारळाचा ढीग लागलाय. देव कवा येतोय परत म्हणून इचारत्यात. काय सांगू?"

"देव हाय तितंच हाय, म्हणावं," माया म्हणाली. "देवळात. देवाला काय धाड भरलीया? मेला त्यो माझा सूरज."